वारा, बारा

पट्टी एकच आहे आमची, नावं मात्र दोन.
समुद्राकडून उतरलात तर शून्य नऊ,
डोंगराकडून उतरलात तर सत्तावीस.
मी दोन्ही टोकांची मेंढरं हाकलतो,
दोन्ही टोकांचे दिवे पुसतो
आणि खिडकीत बसून वारा वाचतो.
फ्योर्डच्या या कोपऱ्यात एयोल्फुरची नोकरी ती एवढीच.

आज दंतवैद्य यायचा होता.
सहा आठवड्यांतून एकदा येतो स्टेइनग्रीमुर,
शाळेच्या व्यायामशाळेत खुर्ची मांडतो.
सतरा जण ताटकळलेत.
थुरीदुरबाई, गालावरून मफलर बांधून,
मिरोस्वाव, मासळीच्या कारखान्यातून थेट, रबरी हातमोज्यांसकट,
आणि एक पोरगा, ज्याला कुणी सांगितलेलं नाही
की आपण इथे विमान बघायला आलेलो नाही.
अठरावा मी.
खालची उजवी दाढ. रविवारपासून
आत कुणीतरी छिन्नी चालवतंय.

सव्वापाच. जानेवारी. अंधार.
ढग हजार फुटांवर.
रेडिओवर हाल्फ्रीदुर:
समुद्रावर आहे, खाली येतेय,
मागे एक डॉक्टर आणि भुलीच्या दोन पेट्या.
वारा काय?

आता हे नीट समजून घ्या.
उपकरणांची वाट तिला नाकासमोर आणते.
पाण्यावरून सरळ,
पाचशे फुटांपर्यंत ढगात राहिली तरी चालतं,
मग दिवे, मग चाकं, झालं.
पण वारा पश्चिमेचा, म्हणजे तिच्या पाठीत.
पाठीतला वारा दहापर्यंत सोसायचा,
त्यापुढे ओली पट्टी पुरेल याचा भरवसा नाही,
आणि पट्टी संपते तिथे माझ्या मेहुण्याचा गोठा.

नाहीतर वळसा.
नऊशे फुटांवर, ढगाच्या पोटाखाली जेमतेम शंभर फूट,
दक्षिणेच्या कड्याला धरून,
पट्टी डाव्या खांद्याशी ठेवून पुढे जायचं,
दरीच्या तोंडाशी वळायचं
आणि वाऱ्याकडे तोंड करून सत्तावीसवर उतरायचं.
पट्टी दिसेनाशी झाली
की वर.
तिथे घासाघीस नाही.

सुई बारावर होती.
दहाला आली. थरथरली.
दाढेनं कळ मारली ती थेट कानापर्यंत.
पुन्हा बारा.

बटण दाबलं.
दहा म्हणायलाही तेवढीच जीभ उचलावी लागते.
"वारा दोनशे सत्तर, बारा."

एक श्वासभर रेडिओ रिकामा.
"बरं. वळसा घेते."

ढगातून दिवा निसटला तेव्हा
पोरगा खुर्चीवर चढून ओरडला.
सगळे काचेशी. श्वासांनी काच धुरकटली,
थुरीदुरबाईंनी मफलरच्या टोकानं पुसली.
दिवा कड्याच्या कडेनं चालला होता,
कुणी कंदील घेऊन मेंढरू शोधायला निघावं, तितका सावकाश.
दरीकडून बर्फाची सर आली.
दिवा अर्धा झाला,
मग नव्हता.

"पट्टी गेली. वर जातेय."

वळून आमच्याच डोक्यावरून गेली ती,
छपराचे पत्रे वाजले,
आवाज समुद्राकडे लांबला,
आणि तो संपल्यावरही आम्ही थोडा वेळ ऐकत राहिलो.

वीस मिनिटांनी सुई आठवर.
तिथेच बसून राहिली, वर्गातल्या गुणी मुलीसारखी.
मिरोस्वाव माझ्या खांद्यावरून बघत होता.
"दहा म्हणाला असतास तर?"

दहाला आली होती. मी पाहिली होती.
त्याला सांगितलं, दाढ बोलू देत नाही.

दिवे बंद केले, आधी शून्य नऊचे, मग सत्तावीसचे.
नोंदवहीत लिहिलं: उतरले नाही.
कारण या रकान्यात: हवा.
खणातून लवंगाच्या तेलाची बाटली काढली,
कापूस फाडला,
आणि पहिला बोळा पोराला दिला,
जो आता सगळ्यांकडे संशयानं बघू लागला होता.
बाटली खुर्च्यांच्या रांगेतून फिरत गेली.
माझ्याकडे परत आली तेव्हा
तळाशी एक थेंब होता,
कदाचित दोन.